कोपरातली काजळी

गावात सगळे त्यांना ओळंबेकाका म्हणत. खरं नाव बायकोला माहीत आणि पोस्टमनला माहीत, बाकी कोणाला त्याची गरज पडली नव्हती. भिंत रेषेत आहे की नाही हे बघायला दोरीला वजन बांधलेला ओळंबा प्रत्येक गवंड्याकडे असतो, पण तो कामाच्या पिशवीत असतो. काकांचा मात्र कायम कोटाच्या खिशात. कोणाकडे चहाला गेले तरी कप हातात आणि डोळे भिंतीवर. मुलीचं लग्न ठरत असताना व्याह्यांच्या घरी पहिल्यांदा गेले, दोन्हीकडची मंडळी गोड गोड बोलत होती, आणि हे मध्येच म्हणाले, "तुमची ही भिंत बोटभर पुढे आली आहे." ठरत आलेलं मोडायचंच, पण व्याही शांत स्वभावाचे निघाले आणि भिंतही खरोखरच पुढे आलेली होती.

गाव थंडीचं. वर्षाचे पाच महिने घरोघर लाकडाची लोखंडी शेगडी पेटलेली असायची आणि प्रत्येक छपरावर विटांचं एक धुराडं. त्यातली निम्मी काकांच्या हातची. गावाच्या वरच्या अंगाला टेकडीच्या उतारावर एकतीस घरांची एक ओळ होती, ती तर सगळीच्या सगळी त्यांनी ऐन उमेदीत दोन वर्षांत उभी केली होती. त्या घरांत शेगडी बैठकीच्या एका कडेला आणि छपराचा माथा दुसरीकडे, म्हणून धुराडं सरळ वर नेता येत नव्हतं. माळ्यावर त्याला दीड हात बाजूला न्यावं लागलं. काका त्या वळणाला कोपर म्हणायचे. विटा अशा घडवून बसवल्या होत्या की बाहेरून हात फिरवला तर कुठे कंगोरा लागू नये. दुसऱ्या गावचे गवंडी ते बघायला यायचे. आणि काका कमरेवर हात ठेवून म्हणायचे, "माझ्या हातचं धुराडं धूर मागे टाकत नाही. पन्नास वर्षं त्याकडे बघू नका."

लोकांनी तेवढंच ऐकलं आणि खरोखरच बघितलं नाही.

काकांची मुलगी त्याच ओळीत राहायची, डावीकडून चौथ्या घरात. एका रविवारी दुपारी तिच्याकडे नवं कपाट आलं होतं. जावई ते जोडत बसले होते. पुठ्ठ्याची खोकी घरभर पसरली होती, ती तिने फाडून शेगडीत कोंबली. चांगला जाळ झाला. आठ वर्षांची नात भिंतीला कान लावून म्हणाली, "आई, भिंतीत गाडी चालली आहे."

आईने आधी लक्ष दिलं नाही. मग तिलाही ऐकू आलं. भिंतीच्या आतून घरघर येत होती, खूप वजनाचं काहीतरी धडधडत वर चढत असल्यासारखी. जावयांनी अग्निशमन दलाला फोन लावला. पलीकडच्या बाईने शांतपणे सांगितलं, "शेगडीचं दार बंद करा. हवेची खिट्टी बंद करा. पाणी ओतू नका, विटा तडकतील. आणि सगळे बाहेर या." त्यांनी तसंच केलं. नात एका पायात बूट घालून बाहेर आली, दुसरा शोधायला आईने थांबू दिलं नाही.

काकांचं घर टेकडीच्या पायथ्याशी. ते अंगणात बसून खुर्चीचा पाय बसवत होते. वर बघितलं तर एका धुराड्यातून माणूसभर उंच जाळ निघत होता. 'कोणाचं बरं हे?' म्हणून त्यांनी डावीकडून मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. चौथ्यावर आले तेव्हा हातातला हातोडा खाली पडला. घरातल्या सपाता घालूनच ते चढ चढून गेले. अडुसष्ट वर्षांच्या गुडघ्यांनी तो चढ कसा काढला हे नंतर त्यांना कधी सांगता आलं नाही.

ते पोचले तेव्हा बंब आलेला होता. मुलगी, जावई, नात समोरच्या फुटपाथवर उभे होते. काकांनी तिघांना हात लावून बघितलं आणि मग कुठे त्यांच्या जिवात जीव आला. तासाभरात सगळं आटोक्यात आलं. घर वाचलं. माळ्यावरच्या भिंतीचा गिलावा तेवढा तडकला होता आणि जळका वास भरून राहिला होता. दलाचा प्रमुख काजळीने माखलेला हात पुसत खाली आला आणि त्याने मुलीला विचारलं, "धुराडं शेवटचं साफ कधी केलं होतं?"

मुलगी म्हणाली, "कधीच नाही. बाबा म्हणायचे, गरज नाही."

ती तक्रार करत नव्हती. विचारलं त्याचं उत्तर दिलं होतं, इतकंच. प्रमुखाने ओळंबेकाकांकडे बघितलंही नाही, कारण हेच ते बाबा हे त्याला ठाऊक नव्हतं. पण काकांच्या कानशिलात कोणी वाजवावी तसं झालं. ते जवळच्या कठड्यावर बसले आणि सपातेतून बाहेर आलेली बोटं बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी धुराडी साफ करणारी धुराडेवाली आली. तपासणी झाल्याशिवाय शेगडी पेटवायची नाही, असं दलाने बजावलंच होतं. बाई चाळिशीची, अंगाने लहानखुरी, आणि त्यात धंदा हा, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे. "छपरावर बसते, काड्या बाहेर काढते, मग चिमणीच की," असं तीच म्हणायची.

काका आणि ती, दोघं एकमेकांना ओळखून होते, आणि ओळख चांगली नव्हती. सात वर्षांपूर्वी तिने धंदा सुरू केला तेव्हा ती टेकडीवरच्या ओळीत घरोघर विचारत फिरली होती. काका त्या दिवशी मुलीकडे आलेले होते. दारात चार शेजारी उभे असताना त्यांनी तिला म्हटलं होतं, "पोरी, ही ओळंब्याची धुराडी आहेत. इथे तुझ्या ब्रशला काम नाही." शेजारी हसले. त्यानंतर त्या ओळीतून तिला कोणी बोलावलं नव्हतं.

आता ती सरळ कामाला लागली. शेगडीचा पाइप सोडवला, खाली जुनी चादर अंथरली, लांब लवचिक सळईच्या टोकाला बांधलेला छोटा कॅमेरा आत सरकवला. हातातल्या पाटीएवढ्या पडद्यावर विटा दिसायला लागल्या. काका तिच्या खांद्यावरून बघत होते. सुरुवातीच्या विटा बघून त्यांना बरंच वाटलं. सांधे अजून जागच्या जागी. मग कॅमेरा कोपरात शिरला. जळून फुगलेल्या काजळीचे राखाडी पापुद्रे सगळीकडे लोंबत होते आणि त्यांच्यामागे विटेला उभी चीर गेलेली.

"शेजारच्या घरात दाखवते," चिमणी म्हणाली. "तिथलं अजून पेटलेलं नाही, म्हणजे नीट कळेल."

शेजाऱ्यांनी आढेवेढे घेतले नाहीत, काल त्यांनी जाळ बघितला होता. त्यांच्या धुराड्यात कोपराच्या खालच्या अंगाला काळं, चकचकीत डांबरासारखं काहीतरी थरावर थर साचलं होतं. धूर जायला वाटीएवढी जागा उरली होती.

"ओल्या लाकडाचा धूर वर जाता जाता गार होतो आणि इथे चिकटतो," ती म्हणाली. "ही नुसती काजळी नाही, काका, हे सरपण आहे. मोठा जाळ झाला की हेच पेटतं."

"पण ब्रश फिरवला असता तर निघालं असतं ना?"

"अर्धंच. ब्रश वळतो, पण वळताना वरच्या अंगाला घासत जातो. खालच्या अंगाचं तसंच राहतं. कोपर असेल तिथे माळ्यावर एक झडप लागते, हात घालून खरवडायला. या ओळीत एकाही घरात झडप नाही. का नाही ठेवली?"

काकांनी घसा साफ केला. "बांधकामाचा मुकादम नको म्हणाला होता."

तिने मान हलवली आणि सळई गुंडाळायला घेतली.

त्यानंतरचे तीन दिवस ओळंबेकाका घरात असून नसल्यासारखे होते. जेवायला हाक मारली की यायचे, पानात काय आहे ते न बघता जेवायचे. चौथ्या दिवशी सकाळी ते बायकोला म्हणाले, "वरच्या एकतीस घरांत झडपा बसवायच्या आहेत. आणि आधी प्रत्येकाला सांगायचं आहे की माझं चुकलं."

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने हातातली घडी तशीच धरली. "काय म्हणालात? परत म्हणा."

"माझं चुकलं म्हणून सांगायचं."

"चव्वेचाळीस वर्षं संसार केला मी तुमच्याबरोबर," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांत हे वाक्य मला एकदा ऐकायला मिळालं नाही. आणि आता एकतीस घरांना वाटत सुटणार?"

तिने त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि तिचा आवाज उतरला. "जा. पण मफलर गुंडाळून जा. आणि त्या चिमणीला आधी भेटा. तिच्याशी तुम्ही जे वागलात ते मला पसंत नव्हतं, तेव्हाही नव्हतं."

चिमणीची शेड बसस्टँडच्या मागे होती. भिंतीवर गोल ब्रश आकाराप्रमाणे ओळीने टांगलेले, कोपऱ्यात सळयांची चळत, आणि खिडकीशी तिने धुराड्यांतून काढलेल्या चमत्कारिक वस्तू मांडून ठेवलेल्या: एक चेंडू, अर्धा पतंग, एक चमचा, पक्ष्यांची सात घरटी. काका दारात उभे राहिले. काय बोलायचं ते येताना वाटेत नीट रचलं होतं, ते ऐन वेळी आठवेना.

"सात वर्षांपूर्वी मी तुझा धंदा बुडवला," ते म्हणाले.

"अर्धाच," ती म्हणाली. "बाकीचं गाव होतं ना. या आत, थंडी आहे."

तिने चहा केला. काकांनी बेत सांगितला. धुराडं तिने साफ करायचं आणि तपासायचं, झडप यांनी बसवायची. झडपांसाठी लोहाराशी ते बोलले होते. दुहेरी पत्र्याचं दार, भोवती आगीला दाद न देणारी दोरी, म्हणजे फटीतून धूर झिरपायला नको.

"आणि लोकांनी विचारलं की तुम्हीच नको म्हणायचात, आता काय झालं, तर?"

"तर ऐकून घेईन."

चिमणी हसली. "ते बघायला तरी मी येते."

ऐकून घेणं त्यांना वाटलं होतं त्याहून अवघड गेलं. पहिल्या घरी एक पाववाला राहायचा. त्याने दार उघडलं, काकांचं बोलणं पूर्ण ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं माझी पोरं या धुराड्याखाली झोपत होती?" काका 'हो' म्हणाले. पाववाल्याने दार आपटलं. दोघं पायऱ्या उतरून रस्त्यावर आली तोच दार पुन्हा उघडलं. "उभे काय राहिलात, या वर. माळ्यावर उंदीर आहेत, सांभाळून."

दुसऱ्या घरात एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकाबाई होत्या. त्यांना झडपेत रस नव्हता. "मला थंडी सोसत नाही हो," त्या म्हणाल्या. "दर हिवाळ्यात डोकं धरतं, मळमळतं. बाहेर पडले की बरं वाटतं. डॉक्टर म्हणतात वय झालं."

चिमणीने हातातली पिशवी खाली ठेवली. "बाहेर पडल्यावर बरं वाटतं? आणि घरात आल्यावर पुन्हा धरतं?"

"हो. का गं?"

तिने आधी सगळ्या खिडक्या उघडल्या, शेगडीतला विस्तव बादलीत काढून अंगणात नेला, आणि मग छपरावर चढली. धुराड्याच्या तोंडाशी पक्ष्याचं घरटं बसलेलं होतं, काड्या, पिसं, चिंध्या, घट्ट बुचासारखं. धुराबरोबरचा विषारी वायू पुरता वर जाऊच शकत नव्हता. तो थोडा थोडा करून खोलीत परतत होता. त्याला रंग नाही, वास नाही, त्यामुळे बाईंना कळायला काही मार्गच नव्हता. चिमणीने घरटं काढलं, वर जाळी बसवली, आणि बाईंच्या झोपायच्या खोलीत वायूची सूचना देणारी छोटी डबी लावली. "ही ओरडली तर खिडकी उघडायची आणि बाहेर यायचं. शाल शोधत बसायचं नाही."

दोन आठवड्यांनी शिक्षिकाबाई बाजारात ओळंबेकाकांना भेटल्या. "डोकं गेलं," म्हणाल्या, आणि मग आपलं आपल्यालाच हसू येऊन, "म्हणजे, दुखायचं थांबलं. आणि मी विनाकारण त्या डॉक्टरांची इतकी औषधं घेतली!"

बाईंनी ही गोष्ट अख्ख्या ओळीला सांगितली. शाळेतली सवय, एकदा सांगून त्या थांबत नसत. त्यानंतर दारं सहज उघडायला लागली. दर दिवशी एक घर, कधी दोन. सकाळी चिमणी साफ करायची. काळे पापुद्रे पोत्यात भरायची आणि घरातल्या माणसाला मुद्दाम पोतं उचलायला सांगायची. "बघा किती जड आहे. हे तुमच्या डोक्यावर होतं." मग काका माळ्यावर चढून आपल्याच हातच्या विटांवर छिन्नी धरायचे. कोपराच्या कडेला चौकोन कोरायचा, चौकट बसवायची, दार बसवायचं. पहिल्या काही घरांत छिन्नी मारताना त्यांचा हात अडखळायचा. पुढे पुढे अडखळेनासा झाला.

कामाच्या ओघात दोघांचं चांगलं जमलं. ती त्यांना ओल्या आणि सुक्या लाकडाचा धूर नुसत्या रंगावरून ओळखायला शिकवायची. ते तिला कुठल्या विटेमागे काय आहे हे नुसतं टिचकी मारून सांगायचे. एकदा एका माळ्यावर दोघं वाकून बसलेली असताना तिने विचारलं, "काका, चिमणी म्हणजे धुराडं, चिमणी म्हणजे पक्षी, चिमणी म्हणजे दिवा. मी यातली कुठली?"

"तू छिन्नी आहेस," ते म्हणाले. "पकड इकडे."

सतराव्या घरात एक तरुण जोडपं होतं. तान्ही मुलगी, पाच आठवड्यांची. पाळणा शेगडीपासून चार हातांवर. काकांनी माळ्यावर जाऊन गिलावा काढला आणि थबकले. छपराची एक तुळई थेट कोपराच्या भिंतीत येऊन टेकली होती. बांधताना त्यांनीच ती तशी टेकू दिली होती. तेव्हा सगळेच तसं करत. तुळईचं टोक काळंठिक्कर पडलं होतं. काकांनी नखाने खरवडलं तर कोळसा हातात आला. कित्येक हिवाळे आतल्या उष्णतेने लाकूड हळूहळू भाजून निघत होतं. ते पेटलं नव्हतं याला दैव म्हणायचं की आणखी काही, हे काकांना ठरवता येईना.

खालून बाळ रडल्याचा आवाज आला आणि आईने त्याला उचलल्याचा.

काका माळ्याच्या फळीवर बसले. चिमणी शेजारी बसली.

"मुकादम काही म्हणाला नव्हता," काका म्हणाले.

"काय?"

"झडपेचं. त्या दिवशी तुला सांगितलं ना, मुकादम नको म्हणाला. खोटं होतं ते. मुकादमाने झडपा आणूनसुद्धा दिल्या होत्या. एकतीस. मीच लावल्या नाहीत. एवढा गुळगुळीत कोपर केलेला आणि त्यावर पत्र्याचा चौकोन. मला खुपायचा तो. मी परत पाठवल्या."

चिमणीने हातमोजा काढला, तुळईचं जळकं टोक चाचपलं, आणि ते कुठपर्यंत गेलं आहे याचा अंदाज घेतला.

"खाली जाऊन हे सांगाल का त्यांना?"

"सांगतो."

"सगळं?"

"सगळं."

त्यांनी खाली येऊन सगळं सांगितलं, बाळाच्या आईच्या डोळ्यांत बघून, कुठलाही शब्द न गिळता. बापाचा चेहरा लाल झाला. तो काही बोलणार तेवढ्यात आई म्हणाली, "आज तुम्ही आला नसता तर?" सुताराला त्याच दुपारी बोलावलं. त्याने तुळईचं टोक हातभर कापलं, बाजूने दुसरा आधार दिला आणि लाकूड व धुराडं यांच्यामध्ये मोकळी जागा ठेवली. ते जोडपं तोवर आईच्या माहेरी जाऊन राहिलं. परत आल्यावर बापाने काकांना फोन केला आणि पहिल्यांदा शेगडी पेटवताना तुम्ही समोर पाहिजे, म्हणून सांगितलं. काका गेले. बापाने काडी ओढली, काकांनी धूर कुठे परततो का ते खोलीभर फिरून बघितलं, आणि बाळाने जांभई दिली.

तुळईचं कळल्यावर मागे झालेली सोळाच्या सोळा घरं त्यांनी पुन्हा उघडून बघितली. आणखी दोन घरांत तसंच निघालं. तीही वेळेवर सापडली.

हिवाळा संपेपर्यंत एकोणतीस घरं झाली. एका घराचे मालक परगावी होते, ते उन्हाळ्यात झालं. उरलं एकच. ओळीच्या अगदी टोकाला एक निवृत्त हवालदार राहायचे, ते ऐकायलाच तयार नव्हते. काका तीनदा गेले. तिन्ही वेळा हवालदार दारातच म्हणाले, "तुम्हीच म्हणाला होतात, पन्नास वर्षं बघू नका. अजून बारा शिल्लक आहेत." चौथ्यांदा काका गेले नाहीत, बायको गेली. ती हवालदारांच्या बायकोशी स्वयंपाकघरात बसून अर्धा तास बोलली. काय बोलली ते दोघींनी कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला हवालदारांचा फोन आला. माळ्याची शिडी लावून ठेवली आहे, म्हणाले, आणि लवकर या, मला बाजारात जायचं आहे.

मुलीने मात्र तो अख्खा हिवाळा शेगडी पेटवली नव्हती. विजेच्या हीटरवर भागवलं. तिचं धुराडं तर सगळ्यांत आधी दुरुस्त झालं होतं. चिरलेला भाग उतरवून काकांनी नव्याने बांधला होता, झडपेसकट. तरी तिचा हात धजत नव्हता. काकांनी आग्रह केला नाही. पुढच्या वर्षी थंडीच्या तोंडाशी चिमणी वार्षिक तपासणीला आली तेव्हा मुलगी तिच्या मागोमाग माळ्यावर चढली. झडप स्वतः उघडली, आत विजेरी मारली, हात घालून बोट फिरवलं. बोटाला जेमतेम काजळ लागलं. "एवढंच?" तिने विचारलं. "एवढंच," चिमणी म्हणाली. "पुढच्या वर्षी परत बघू. आणि पुठ्ठे जाळायचे नाहीत." संध्याकाळी मुलीने शेगडी पेटवली आणि आईबाबांना जेवायला बोलावलं. जेवताना काका भिंतीकडे एकदासुद्धा वळून बघत नाहीत, हे बायकोच्या लक्षात आलं. तिने जावयांना कोपर मारून दाखवलं.

त्या वर्षीपासून काकांच्या गुडघ्यांनी शिड्यांना रामराम ठोकला. पण ते घरी बसून राहिले नाहीत, म्हणजे बसले, पण फोनजवळ. थंडी सुरू व्हायच्या दोन महिने आधी ते वही उघडायचे आणि एकेका घराला फोन लावायचे. "ओळंबा बोलतोय. धुराड्याची तारीख घ्यायची आहे. मंगळवार की गुरुवार?" कोणी टाळाटाळ केली तर ते वाद घालत नसत. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा फोन. तीन दिवसांत माणूस शरण यायचा. चिमणीचं काम इतकं वाढलं की तिने तिच्या बहिणीला जोडीला घेतलं आणि शेडला लागून दुसरी शेड बांधली. ती बांधताना काका खुर्ची टाकून रोज तिथे बसत. त्या गवंड्याला त्यांनी किती छळलं असेल ते तोच जाणे.

एकदा दुपारी काका फोनजवळ बसले होते. वही मिटायची वेळ झाली होती. तेवढ्यात फोन वाजला आणि पलीकडून एक अनोळखी बाई बोलली. नदीपलीकडच्या वस्तीत राहते, म्हणाली. शेगडी आहे, धूर मागे येतो, घरात दोन लहान मुलं आहेत.

"तुमचं धुराडं मी बांधलेलं नाही हो," काका म्हणाले. "त्या वस्तीत मी कधी कामच केलं नाही."

"बांधलेलं नसू दे," ती म्हणाली. "बघायला तर माणूस पाठवाल?"

काकांनी कानाला फोन लावूनच वहीचं नवं पान उलटलं. "पाठवतो," ते म्हणाले. "तोवर शेगडी पेटवू नका. माळा आहे का घराला? वर जायला शिडी आहे? आणि हे सांगा, धुराडं सरळ वर जातं, की मध्ये कुठे वळतं?"